सातव्या फाटकावरची वेळ

करिंगात कोर्ट महिन्यातून एकदा भरायचं, तेही विमान आलं तर. मॅजिस्ट्रेट मॅडम सकाळी छोट्या विमानातून उतरायच्या आणि चारला परत उडायच्या. गावाने महिनाभर घातलेले गोंधळ त्यांनी तेवढ्यात निस्तरायचे, आणि त्यातले निम्मे तरी पिऊन गाडी हाकल्याचे असायचे. बाकांवर दाटी व्हायची. आपण फक्त दुसऱ्याची मजा बघायला आलोय, असं तिथे बसलेल्या प्रत्येकाला वाटायचं, अगदी ज्याचं नाव यादीत असायचं त्यालाही.

या खेपेला मात्र कोणी हसत नव्हतं, कारण आरोपी डॉरीन मॅक्लिन होती.

डॉरीन एकसष्ट वर्षांची. सव्वीस वर्षं ती टपालाची गाडी चालवत होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा फार्म, त्रेचाळीस फाटकं. टपाल म्हणजे नुसती पत्रं नव्हेत. पाव, रक्तदाबाच्या गोळ्या, पंपाचे सुटे भाग, सगळं तिच्याच गाडीतून जायचं. शिक्षा झाली तर लायसन्स निदान सहा महिने जाणार होतं आणि टपालाचा ठेका कायमचा. एवढं सगळं एका कागदावर अवलंबून होतं. ठाण्यातल्या यंत्राने तिच्या श्वासातली दारू मोजून छापलेला तो कागद होता.

ती प्यायली होती, याबद्दल तिच्या मनातही शंका नव्हती. जिवाभावाच्या मैत्रिणीला, विनीला, माती देऊन सगळे क्लबात जमले होते. विनीच्या नावाने डॉरीनने बिअरच्या सात बाटल्या रिचवल्या आणि घरची वाट धरली. सातव्या फाटकापाशी पोलिसांची गाडी उभी होती.

कॉन्स्टेबल टेविटा फोनुआ मूळचा टोंगाचा, वाढला सिडनीत, आणि करिंगात येऊन त्याला जेमतेम चार महिने झाले होते. अंगाने दारात न मावणारा, बोलायला अगदी मऊ. त्याने तिला हातातल्या नळीत फुंकायला लावलं, दिवा लाल झाला, आणि तो म्हणाला, "मिसेस मॅक्लिन, माफ करा, पण तुम्हाला ठाण्यात यावं लागेल. तिथल्या मोठ्या यंत्रात परत फुंकायचंय."

"माफी कसली मागतोस? प्यायले मी," डॉरीन म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

दहा मैलांवर पोलिसांचा टायर फुटला. टेविटाने जॅक लावला, जॅक वाळूत रुतला. परत लावला, परत रुतला. डॉरीन काचेतून बराच वेळ बघत राहिली. शेवटी तिला राहवेना.

"अरे पोरा, जॅकखाली फळी घाल. वाळू आहे ती, सिडनीचा रस्ता नव्हे."

"फळी नाहीये माझ्याकडे."

"मग आधी मला बाहेर काढ. हे दार आतून उघडत नाही."

आरोपीने बाहेर येऊन कुंपणाची पडलेली फळी शोधली, गुडघे टेकले आणि पोलिसांचा टायर बदलला. गाडी चालवायची तिची लायकी नव्हती तेव्हा, पण टायर बदलायची होती. गावात हा किस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या आत पोचला.

त्या टायरवरच तिचा वकील पार्डो याची सगळी मदार होती. गाडी थांबवल्यापासून दोन तासांच्या आत यंत्रात फुंकायला लावलं, तरच तो आकडा कोर्टात चालतो. म्हणूनच त्याने डॉरीनला गुन्हा कबूल करू दिला नव्हता.

"कॉन्स्टेबल, टायरपायी किती वेळ गेला?" त्याने विचारलं.

"चाळीसेक मिनिटं."

"आणि बाकी रस्ता?"

"दीड तास. वाळू फार होती."

"म्हणजे दोन तास दहा मिनिटं. मग कागदावर पावणेदोन तास कसे?"

टेविटाने डायरी उघडली. "अंदाज माझा चुकला असेल, सर. पण वेळ मी तिथल्या तिथे फोनवर बघून लिहिली आहे. थांबवलं सहा दहाला. यंत्रावर सात पंचावन्न."

"अंदाज तो अंदाज आणि लिहिलेलं ते लिहिलेलं, मिस्टर पार्डो," मॅडम म्हणाल्या. पार्डो खाली बसला. पाण्यात पडलेल्या मांजरासारखा त्याचा चेहरा झाला होता. बिचारा विमानातूनच आला होता, त्याला इथलं काय ठाऊक.

डॉरीनला मात्र 'फोनवर बघून' हे शब्द खटकले.

करिंगाची घड्याळं सिडनीपेक्षा अर्धा तास मागे चालतात. खाणीच्या काळापासून तसंच आहे, आणि गावाला त्याचा अभिमानही आहे. पण सातव्या फाटकामागच्या टेकडीवर फोनचा जो मनोरा आहे, तो पलीकडच्या बाजूचा. त्याच्या टप्प्यात गेलं की फोन गुपचूप सिडनीची वेळ दाखवतो, आणि गावात परतलं की गुपचूप आपली. गावातलं शेंबडं पोरही तिथे फोनमध्ये वेळ बघत नाही. नवा माणूसच फसतो.

सहा दहा म्हणजे इथले पाच चाळीस. ठाण्यातलं यंत्र गावाच्या वेळेवर. पाच चाळीस ते सात पंचावन्न: सव्वादोन तास.

पार्डोच्या कानात दोन शब्द सांगितले की सुटका होती. तिने त्याच्यापुढची पेन्सिल उचलली. कागदावर 'फोन' एवढं लिहिलं आणि हात थांबला. लाज वाटली तिला. विनी असती तर म्हणाली असती, "लिही की गं, मुहूर्त बघतेस का?" पण विनी नव्हती, आणि सात बाटल्या खऱ्या होत्या. लिहावं की फाडावं, तिला काही कळेना.

टेविटा साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरून दारापर्यंत गेला होता. दारावर कोर्टाचं जुनं घड्याळ होतं. तो त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला, पाहिला, परत घड्याळ पाहिलं. ते पाठमोरं प्रचंड धूड तसंच खिळून राहिलं.

मग तो वळला.

"मॅडम, मला माझी साक्ष दुरुस्त करायची आहे."

पोलिसांच्या बाजूने खटला चालवणारा सार्जंट अर्धवट उठला. "कॉन्स्टेबल, तुमची साक्ष संपली आहे. बसा."

"हो, सर. पण ती चुकीची आहे."

आणि त्याने सगळं सांगितलं: इथे फोन आणि घड्याळ जुळतात, पण सातव्या फाटकावरून परतताना फोन अर्धा तास मागे गेलेला त्याने नंतर एकदा पाहिला होता, आणि त्याचा अर्थ त्याला आत्ता लागला होता. मनोरा, फोन, अर्धा तास. एक शब्द गिळला नाही. चार महिन्यांच्या नोकरीत, सगळ्या गावासमोर, आपल्या वरिष्ठाचे डोळे अंगावर असताना, त्याने स्वतःचा जिंकलेला खटला स्वतःच्या हाताने मोडला. विचारलं कोणीच नव्हतं.

डॉरीन थक्क होऊन बघत राहिली. तिने पूर पाहिले होते, दिवसाढवळ्या अंधार करणारी धुळीची वादळं पाहिली होती. पण असं काही तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. हातात पेन्सिल धरून आपण पाच मिनिटं जे तोलत बसलो, ते या पोराने घड्याळ बघून दोन क्षणांत उचललं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सातव्या फाटकाबद्दल इथे कोणाला माहीत आहे?"

बाकांवरचे सगळे हात वर गेले. सगळ्यात शेवटी डॉरीनचा.

"कागद पुराव्यात धरता येत नाही. कागदाशिवाय खटला नाही. मिसेस मॅक्लिन, तुम्ही मोकळ्या आहात."

डॉरीन उठली. "मॅडम, मी प्यायले होते. सात बाटल्या."

पार्डोने कपाळाला हात लावला.

"मी ते ऐकलेलं नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "कायद्याचं तुमच्याकडचं काम संपलं. उरलेलं तुमचं तुम्ही बघा."

बाहेर पायरीवर टेविटा एकटाच बसला होता. सार्जंट त्याच्याशी एक शब्द न बोलता निघून गेला होता. डॉरीनने पर्समधून लायसन्स काढून त्याच्यापुढे धरलं.

"घे. सहा महिने ठेव."

"मला घेता येत नाही, मिसेस मॅक्लिन. त्यासाठी फॉर्मच नाही."

"नाही का?" तिने लायसन्स परत पर्समध्ये टाकलं. काहीतरी मोठं बोलावं असं तिला वाटलं, पण तिला फक्त एवढंच सुचलं, "पोरा, एक मनगटी घड्याळ घे."

त्या मंगळवारपासून टपालाची गाडी तिचा नवरा लेस चालवू लागला. वाळूत चाळीसच्या वर जाईल तर शपथ. टपाल दोन-दोन तास उशिरा पोचायचं, पण अकराच्या अकरा फार्मवर कोणी चकार शब्द काढला नाही. डॉरीन डावीकडे बसायची, आणि आमच्याकडे डावीकडे बसणाऱ्याने खाली उतरून फाटक उघडायचं असतं. ती उतरायची, उघडायची, गाडी पुढे गेली की लावायची. त्रेचाळीस वेळा जाताना, त्रेचाळीस वेळा येताना. गुडघे बोंबलायचे.

पाचव्या महिन्यात सातव्या फाटकावर पोलिसांची गाडी उभी होती. लेसने नळीत फुंकलं. काही निघालं नाही. टेविटाने वाकून पलीकडच्या सीटकडे पाहिलं.

"मिसेस मॅक्लिन, तुम्ही अजून त्या बाजूला? तुमचं लायसन्स तर चालू आहे."

"किती वाजले रे?" डॉरीनने विचारलं.

त्याने बाही वर केली. मनगटावर नवं घड्याळ होतं. "तीन वीस. आपल्या वेळेने."

"मग अजून एक महिना आहे माझा," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देत फाटक उघडायला उतरली.