वाफाऱ्याची शिशी

केळशीत काजूची वडी करावी तर सगुणाबायनेच, असं सगळ्या गावाचं म्हणणं होतं. निदान सगुणाबायचं तरी होतं. दुकानातली वडी कुणी पुढे केली तर ती नुसती नाकाशी नेई आणि म्हणे, "शिशीतला वास! ह्या वडीने काजू चित्रात बघितला असेल."

आणि आज, सुनेच्या डोहाळजेवणाला, तिच्या स्वतःच्या वडीत शिशीतला वास होता.

झालं असं की डब्यातले काजूगर निघाले गेल्या सालचे. वाटले, पाकात घोटले, चाखून बघते तर गोडी आहे, वास नाही. तासाभरात धाकटी जाऊ चिमा येणार, आणि चिमाला एक वडी फसलेली मिळाली की वर्षभर पुरते. तेव्हा सगुणाबायला हर्षदच्या कपाटातला खोका आठवला.

हर्षद तिचा मुलगा, बोटीवर नोकरीला. सिगारेट सुटावी म्हणून त्याने परदेशातून वाफ ओढायचं पेनाएवढं यंत्र आणलं होतं. इकडे त्याला बंदी, म्हणून त्यातलं पाणी तो घरीच मिसळायचा आणि मागल्या पडवीत बसून भपके सोडायचा. सगुणाबाय त्याला वाफारा म्हणायची. सर्दीला घेतात तसला. खोक्यातल्या शिशीला भाजलेल्या काजूचा असा घमघमाट, की एकदा तिने विचारलं होतं, "मेल्या, हे खायचं की हुंगायचं?"

"खाण्यातलंच गो आये, बिस्किटांत घालतात," तो म्हणाला होता.

खाण्यातलं, वर वाफाऱ्याचं. म्हणजे औषधच. तिने दहा थेंब घातले. वडी अशी घमघमली की चिमाने दोन खाल्ल्या आणि एकही खोड काढली नाही. ऋतिकाने, सुनेने, तीन खाल्ल्या. तिला सातवा महिना.

पाऊण तासाने ऋतिका हिरव्या साडीनिशी मोरीकडे धावली. ओकून आली ती घामाने डबडबलेली.

"होतं गो सातव्यात," चिमा म्हणाली. "मला तर नवव्यापर्यंत होत होतं."

हर्षद पाणी घेऊन आला. जाता जाता त्याने ताटातली वडी तोंडात टाकली आणि चावायचा थांबला.

"आये, ह्यात काय घातलंस?"

"काजू. काजूच्या वडीत काजू घालतात."

"हा वास माझ्या शिशीतला आहे."

तो आत गेला आणि खोका घेऊन आला. "ह्या दोन शिश्या. एकीत नुसता वास. दुसरीत तोच वास, पण तंबाखूचा अर्क घातलेला, ओढायला तयार. तो पोटात गेला तर..." त्याने ऋतिकाकडे बघितलं आणि पुढचं गिळलं. "कुठली घेतलीस?"

दोन्ही शिश्या तपकिरी, दोन्हींवर इंग्रजी. सगुणाबायची शाळा दुसरीतच सुटलेली. तिने शिशी नाकाने निवडली होती, आणि आता दोन्हींना एकच वास येत होता.

"जाऊबाय, तुम्ही शिशीतलं घातलंत?" चिमाने डोळे मोठे केले.

दुसरा दिवस असता तर सगुणाबायने तिच्या माहेरापर्यंत जाऊन उत्तर दिलं असतं. "घातलं," ती म्हणाली. "चोरून घातलं. हर्षद, गाडी काढ."

दवाखाना अर्ध्या तासावर. पुढे ऋतिका, पोटावर हात ठेवून, डोळे मिटून. मागे दोघी जावा, मांडीवर खोका. फोनवर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "घेऊन या. पण कुठली शिशी ते कळलं तर पुढचं लवकर करता येईल. आठवायला सांगा त्यांना."

आठवायचं काय? चूल, कढई, उघडलेली शिशी. झाकणाचा रंग आठवेना. मग हात आठवला. शिशीतला पहिला थेंब तिने बोटावर घेतला होता आणि पाकाची तार बघतात तसा अंगठ्याने घासला होता. सवयच ती.

"चिमे, माझ्या दोन बोटांवर दोन शिश्यांचे थेंब टाक. कुठला कुठे ते सांगू नको."

"लगेच पुसा हां," हर्षद पुढून ओरडला. "कातडीतूनपण जातो तो अर्क."

सगुणाबायने डोळे मिटले. एका बोटावर थेंब जाड, चिकट. अंगठा उचलला की ओढला जाणारा. दुसऱ्यावर पातळ, निसटता.

"हा. पातळ. तार नव्हती आलेली."

"नक्की?"

"चाळीस वर्षं पाक बघतेय मी, मला विचार..." आणि तिची जीभ थांबली. ह्याच हातांनी सकाळी काय केलं होतं? "चिमे, पूस. परत टाक. अदलाबदल कर."

तीनदा टाकले. एक थेंब चिमाच्या साडीवर पडला. तिन्ही वेळा बोटांनी तेच सांगितलं. चिमाने पातळवाली शिशी हर्षदपुढे धरली. त्याने गाडी कडेला घेतली, शिशीवरची चिठ्ठी वाचली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"नुसता वास," तो म्हणाला. "अर्क नाही."

सगुणाबायचा विश्वास दवाखान्यातसुद्धा बसला नाही. डॉक्टरीणबाईंनी ऋतिकाच्या पोटावर यंत्र ठेवलं आणि खोलीभर टपटप टपटप ऐकू आलं, तेव्हा कुठे तिने स्टूल ओढलं.

"बाळ ठीक आहे. आई पण. संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी शिशीवरचं वाचलं. "हे वासाचं द्रव्य भाजलेल्या दाण्यांत, पावात आपोआप तयार होतं. खाण्यात थेंबभर घालतात. ओकारी उन्हाने, गर्दीने, कशानेही झाली असेल."

"खाण्यातलंच आहे," हर्षद हळूच म्हणाला. "मी सांगितलं होतं आयेला."

"खाण्यातलं," डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. "पोटाला चालतं म्हणून तपासलेलं. तापवून छातीत ओढलं तर वर्षांनी काय होतं, ते अजून कुणी धड सांगू शकत नाही."

सगुणाबाय मुलाकडे बघत राहिली. दीड वर्ष तो पडवीत बसून भपके सोडत होता, आणि ती आतून शेजारणींना सांगत होती, सिगारेट सुटली हो आमच्या हर्षदची, वाफारा घेतो.

"ऊठ," ती म्हणाली. "बस इथे. शर्ट वर कर."

"आये, मला काय झालंय?"

"ते बाई सांगतील. डॉक्टरीणबाई, ह्याची छाती बघा. मी वडी दहा थेंबांची केली. ह्याने किती ओढलं ते त्यालाच माहीत."

"लांब श्वास घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हर्षदने घेतला. अर्ध्यावर खोकला आला. तो हसला, "घशात काहीतरी," म्हणाला.

"परत घ्या."

चिमाने सगुणाबायचा हात धरला, आणि तिने तो धरू दिला. डॉक्टरीणबाईंनी नळी पाठीवर ठेवली, ऐकलं, मग जराशी खाली सरकवली आणि खोलीतल्या सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं.