राणीचा चेहरा

लीड्समधल्या जयंत पेंडशांच्या घरात देव नव्हते, फक्त देवळं होती. तीही सुदानातली.

त्याची बायको मंजिरी विद्यापीठातल्या एका प्रोफेसरांसाठी कुश राज्यातल्या देवळांची चित्रं काढायची. इजिप्तच्या दक्षिणेला दोन हजार वर्षांपूर्वी हे राज्य होतं. तिथे सिंहाच्या तोंडाचा देव होता आणि त्याच्यासमोर हात उंचावून उभ्या असलेल्या, खात्यापित्या घरच्या राण्या होत्या. भिंतींवर कोरलेली ही मंडळी मंजिरी फोटोंवरून पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईने उतरवायची. प्रोफेसरांचं पुस्तक निघणार होतं आणि आतल्या पानावर ‘रेखाचित्रे : मंजिरी पेंडसे’ असं छापून येणार होतं. विलायतेत आल्यापासून तिच्या घरचं नाव छापून आलं होतं ते फक्त टेलिफोन डिरेक्टरीत, आणि तेही नवऱ्याचं.

या कामाचा नियम एकच. दगडावर आहे तेवढंच काढायचं. जिथे कपचा उडालाय तिथे तुटकी कड दाखवायची आणि पुढची जागा कोरी सोडायची. शेवटच्या चित्रातल्या राणीचा तर अख्खा चेहराच उडालेला. वर मुकुट, खाली गळ्यातल्या माळा, मध्ये काही नाही.

“अंदाजाने नाकडोळे काढलेस तर कोण फाशी देणार आहे?” जयंतने एकदा विचारलं होतं.

“तू रस्त्यातले खड्डे नकाशात बुजवतोस का?”

“आमच्या कौन्सिलमध्ये तिथेच बुजवतात.”

जयंत रस्ते खात्यात इंजिनियर होता, त्यामुळे हे अधिकाराने बोलला.

१९९१च्या हिवाळ्यात मंजिरीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली. आधी केस गेले, मग गाल गेले. मदतीला लेस्टरहून तिची आशामावशी आली. येताना तिने बेलग्रेव्ह रोडच्या देशी बाजारातली निम्मी भाजी आणली आणि मतं सगळी आणली.

“कुश म्हणजे लवाचा भाऊ?”

“नाही गं मावशी.”

“मग परक्यांची देवळं कशाला काढत बसलीस, असल्या दुखण्यात?” एवढं बोलेपर्यंत मावशीची नजर टेबलावर गेली. “अगं बाई! देवीला तोंडच नाही!”

“देवी नाही, राणी आहे.”

“देवळात आहे ना? मग देवीच. जयंतराव, भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत हो. नदीत सोडून या.”

“मावशी, इथल्या नदीत काही टाकलं तर मलाच मला नोटीस काढावी लागेल.”

मंजिरी हसली. हसताना तिला दुखलं, म्हणून मग कोणीच हसलं नाही.

महिनाभरात गाठ यकृतापर्यंत पोचली. डॉक्टरांनी ‘बरी होईल’ हा शब्दप्रयोग सोडला आणि ‘कम्फर्टेबल’ हा धरला. जयंतला इंग्रजी उत्तम यायचं, हीच पंचाईत होती. पुन्हा ॲडमिट व्हायच्या आधी मंजिरीने राणी पुरी केली. “कोपऱ्यात नंबर तेवढा घालायचा राहिलाय. माझ्या पेनांच्या डब्यासकट हॉस्पिटलातच घेऊन ये. मग प्रोफेसरांकडे पोचव.”

रविवारी दुपारी मावशी जरा आडवी झाली होती. जयंत चित्राची गुंडाळी करायला बसला आणि त्याने पेन उचललं. तो नास्तिक होता. नास्तिकाला नवस बोलायचा तर ऐकणारं कोणी नसतं, मग तो हाताला येईल ते करतो. कोणाचा चेहरा काढायचा हे त्याने ठरवलं नव्हतं. हनुवटी आली, भरलेले गाल आले, शेंड्याला जरासं वर गेलेलं नाक आलं, मग हसू आलं. स्कारबरोच्या समुद्रावर आइस्क्रीम सांडलं होतं, तेव्हाचं. मूर्ती अखंड झाली.

तिच्या लक्षात येणार नाही, असं त्याला वाटलं. नवऱ्यांना असं वाटतं.

वॉर्डात मंजिरीने चित्र बराच वेळ पाहिलं.

“हे तू केलंस?”

“मावशी म्हणाल्या ना, भंगलेली...”

“आणि तू ऐकलंस?”

“ऐकलं नाही. नुसतं केलं.”

तिने राणीच्या गालावरून बोट फिरवलं. “असे होते माझे?”

“होते.”

“जयंत, हा चेहरा दगडावर नाही. हा छापला तर लोक म्हणतील, बाकीचंही हिने मनानेच काढलं. माझं सगळं काम खोटं पडेल रे.” मग तिने डब्याकडे मान हलवली. “आत ब्लेड आहे. फिल्मवरची शाई खरवडून निघते. मीच केलं असतं, पण हात बघ माझा.”

“घरी जाऊन करतो.”

“घरी तू करणार नाहीस. माझ्यासमोर कर.”

त्याने जेवणाचं टेबल पुढे ओढलं.

“आधी डोळे काढ, म्हणजे पुढचं सोपं जातं,” ती म्हणाली. “हळू! ती कड माझी आहे, तिला लागू देऊ नकोस. चष्मा पूस आधी.”

डोळे गेले. नाक गेलं. गाल जायला वेळ लागला. काळी भुकटी साठत गेली. फुंकर घालायला मंजिरी पुढे वाकली, पण तेवढा श्वास नव्हता.

“हसू राहिलंय,” ती म्हणाली.

जयंतने ब्लेड खाली ठेवलं. “एवढं असू दे ना.”

“नाही रे.”

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याने ब्लेड पुन्हा उचललं, आणि हसूही गेलं; कड शाबूत राहिली. तिने फिल्म खिडकीच्या उजेडात धरायला लावली, नीट पाहिली, आणि कोपऱ्यात नंबर घातला. त्या आकड्यालाच तिची सगळी ताकद लागली.

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली.

नर्स आली. जयंतची भुकटीने काळी झालेली बोटं बघून तिने पुसायला ओला टिश्यू पुढे केला. तो नको म्हणाला, आणि तसाच काळा हात कोटाच्या खिशात घालून बसून राहिला.