चार माणसांचा स्टोव्ह

मी पंपाचा एक जुना पितळी स्टोव्ह आहे. मित्रांनो, आजवर मी कितीतरी भात शिजवले. पण माझ्या आयुष्याचं पहिलं वर्ष मला अजूनही उलगडलेलं नाही. तेच तुम्हाला सांगतो.

मुंबईच्या कारखान्यात कारागिराने मला एकदाच पेटवून पाहिलं. निळी ज्योत बघून तो म्हणाला, "झकास!" आपला जन्म रांधण्यासाठी, एवढं मला तेव्हाच कळलं.

एकोणीसशे बासष्टच्या दिवाळीनंतर सत्यवान नावाचा एजंट आम्हा बारा स्टोव्हांना घेऊन जामसंड्याला सुभद्राकाकींकडे आला. काकी गावच्या सुईण. निम्मा गाव त्यांच्या हातावर जन्मलेला.

"काकी, बारा घेतलेत की तुम्ही मुख्य," सत्यवान म्हणाला. "घेणाऱ्याला सांगायचं, तूही चार माणसं आण. ती चार जे विकतील, त्यातही तुमचा वाटा. अगदी घरबसल्या!"

"आणि स्टो पेटता कसो?" काकींनी विचारलं.

"ते मागाहून दाखवतो," असं म्हणून तो कागदावर माणसाखाली माणसं काढत बसला.

मी गोंधळलो. या कागदावर मी कुठे होतो?

काकींचा शब्द म्हणजे गावाला पुरावा. शेजारच्या शेवंतीने दुभती गाय विकून सहा स्टोव्ह घेतले. त्यांत मीही तिच्या घरी गेलो. खोक्यातून बाहेर मात्र कोणी काढलं नाही. वापरलेला स्टोव्ह विकला जात नाही म्हणे!

शिमग्यापर्यंत सत्यवान आणखी माल आणत राहिला आणि घरोघरी आमची खोकी रचली गेली. विकणारे सगळे, घेणारा कोणीच नाही. शेवंती पोटुशी होती. तशीच दोन स्टोव्ह घेऊन ती फोंडाघाटच्या बाजाराला गेली. तिथेही तिघे हेच स्टोव्ह मांडून बसले होते. त्यानंतर सत्यवान पुन्हा फिरकला नाही. कंपनीचं पत्र तेवढं आलं: 'माल परत घेतला जात नाही. आपण मेहनतीत कमी पडलात.'

शेवंती काकींच्या अंगणात जाऊन काय बोलली, ते परत आल्यावर तिनेच सासूला, आनंदीबाईंना, रडत सांगितलं. "मी काकीक म्हटलंय, 'स्टो होयो म्हणान नाय घेतलंय. तू सांगलंस म्हणान घेतलंय!'"





श्रावणात शेवंतीला कळा सुरू झाल्या. "काकी नको," ती म्हणाली. देवगडच्या सुईणीला निरोप गेला, पण ती काही वेळेवर येईना. शेवटी आनंदीबाई स्वतः काकींना घेऊन आल्या.

चुलीत ओली लाकडं नुसती धुमसत होती. काकींनी कोपऱ्यातलं खोकं फोडलं, मला बाहेर काढलं, कंदिलाचं रॉकेल ओतलं. दवाखान्यात कधीतरी पाहिलं होतं, तसा पंप मारला. पहिल्यांदा मी भडकलो. दुसऱ्यांदा निळा झालो. पाणी उकळलं. दुपारी मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली.

शेवंतीने काकींकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकी दारोदार गेल्या. "माझी चूक झाली," एवढंच म्हणत आणि आपल्याला मिळालेला वाटा परत देत. तो कुणालाच पुरला नाही. गायही परत आली नाही. मग त्या आपल्या गोठ्यातलं दूध रोज शेवंतीच्या ओट्यावर ठेवून जाऊ लागल्या. तीन महिन्यांनी एका सकाळी शेवंतीने मला पेटवलं आणि हाक मारली, "काकी, बस. चाय घेवन जा."

त्या बसल्या. पण पूर्वीसारख्या बोलल्या का, ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, कोणी वस्तू विकायला आलं, तर ती काय काम करते ते आधी विचारा. किती माणसं आणायची, हेच तो सांगत राहिला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मला चिंच-राखेने घासलं की मी पुन्हा लखलखतो. माणसाचा शब्द मळला तर तो कशाने घासायचा, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.