स्लॅबमधल्या खुर्च्या

या, पुढे सरकून बसा. तिथे दाराशी ऐकू येणार नाही, आणि ही गोष्ट मला मोठ्या आवाजात सांगवत नाही. सात दिवस रोज संध्याकाळी हरिकथा ऐकता ऐकता मी एका सरळ माणसाला चोर कसं ठरवलं, ते सांगतो. पुराणातलं आख्यान नाही हे. अमरावतीत मुलींच्या वसतिगृहाचं बांधकाम चाललं होतं, तिथलं आहे.

मी गोपाळकृष्ण, त्या साइटवरचा सुपरवायझर. कंपनीचं ऑफिस अकोल्याला. गेल्या वर्षी तिथून आमच्या मोबाइलवर एक अ‍ॅप आलं. उगाच नावं ठेवणार नाही, वस्तू चांगली होती. सळई येते बारा मीटरची. तिचे तुकडे कसे पाडले तर कमीत कमी लोखंड वाया जाईल, हे ते आधीच सांगायचं. उरलेला तुकडा लांबी मोजून 'शिल्लक'मध्ये टाकला, की पुढच्या कामाला तोच शोधून द्यायचं. अगदीच निकामी तुकडे असतील तर 'भंगार' दाबायचं. तिथे लांबी लागत नाही. ढिगाचा फोटो आणि अंदाजे वजन दिलं की झालं.

सळया कापून, वाकवून, बांधून देणारे आमचे फिटर म्हणजे नत्थुजी गावंडे, बाळापूरकडचे. खांद्यावर दुपट्टा, कमरेला तार पिळायचा हूक. अ‍ॅपनं पहिल्या आठवड्यात सांगितलेलं माप त्यांच्या मनातल्या मापाशी जुळलं, तेव्हा मोबाइलकडे बघून म्हणाले, "पोरगं हुशार आहे, फक्त त्याले घाम येत नाही." वीतभर तुकडाही ते फेकत नसत. लांबीप्रमाणे लावून भिंतीशी उभे करत. शाळेतली मुलं उंचीप्रमाणे उभी राहतात, तसे.

फेब्रुवारीत आमच्या आळीच्या मंदिरात कीर्तन सप्ताह लागला. मोर्शीचे बुवा येणार होते. माझं कीर्तनाचं वेड घरात आणि साइटवर सगळ्यांना ठाऊक. पाचला पूर्वरंग सुरू व्हायचा, आणि पूर्वरंग चुकला की मला पुढचं आख्यान अळणी लागतं. पण दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं लोखंड नेमकं त्याच आठवड्यात बांधायचं होतं. दिवसभराचे तुकडे मोजायची वेळही साडेचार ते सहा.

पहिल्याच दिवशी माझी चुळबुळ पाहून नत्थुजीच म्हणाले, "जा साहेब, तुमी देवाचं ऐका. मी आहो नं. तुकडे मोजून प्लायवर खडूनं लिहून ठेवतो, सकाळी तुमी टाकून द्या मोबाइलमधी."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी प्लायवर खडूचे आकडे होते. पन्नास-साठ तुकडे, प्रत्येकाची लांबी वेगळी. एकेक टाकायला तास गेला असता. मी ढिगाचा फोटो काढला, वजन अंदाजानं लिहिलं आणि 'भंगार' दाबलं. तुकडे तर तिथेच आहेत, कुठे जातात, सवडीनं दुरुस्त करू, असं मनाशी म्हटलं. असं सातही दिवस केलं.

शेवटच्या दिवशी बुवांनी चोरीचा खोटा आळ आलेल्या एका भक्ताचं आख्यान लावलं होतं. काय गळा त्यांचा. मी झांज खाली ठेवून ढसाढसा रडलो. रमानं, माझ्या बायकोनं, मला पदर पुढे केला.

स्लॅबचं काँक्रीट ओतून झालं. पुढच्या आठवड्यात भंगाराची गाडी काट्यावर गेली. माझ्या नोंदीप्रमाणे भंगार चारशे किलो, काट्यावर भरलं दोनशे दहा. एकशे नव्वद किलो लोखंड कुठे गेलं, हे अ‍ॅपनं लाल अक्षरांत विचारलं, आणि अकोल्याहून जुईली आली. जुईली इंजिनिअर आहे, हे अ‍ॅप तीच बघते. माझ्या मुलीच्या वयाची, मला काका म्हणते.

सिमेंटच्या गोदामासमोर तिनं मला सगळ्यांदेखत विचारलं, "काका, रोज तुम्ही स्वतः मोजलं ना?"

नाही म्हणालो असतो, तर साडेचारला कुठे जात होतो ते सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "हो."

नत्थुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे सांगितलं की ते तुकडे स्लॅबच्या खुर्च्यांत गेले. स्लॅबमध्ये सळयांच्या दोन जाळ्या असतात. वरची खाली दबू नये म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या लोखंडी घोड्या ठेवतात, त्यांना आम्ही खुर्च्या म्हणतो. जुईली म्हणाली, त्यासाठी तर नव्या सळया पाठवल्या होत्या. नत्थुजी म्हणाले, तुकडे असताना नवी सळई कापायला माझा हात उठत नाही. मग जुईलीनं मला पुन्हा विचारलं, "काका, तुम्ही पाहिलं का तुकडे खुर्च्यांत जाताना?"

"नाही," मी म्हणालो. तेवढं मात्र खरं बोललो. पाहायला मी होतोच कुठे?

नत्थुजी एक शब्द काढू शकले असते, की साहेब रोज साडेचारला जात होते. काढला नाही. कमरेचा हूक दुपट्ट्यात गुंडाळला आणि फाटकातून गेले. मागे कुणीतरी हसून म्हणालं, एवढं लोखंड पचवायला पोट पाहिजे. मी ऐकलं. गप्प राहिलो.

मार्चअखेरीस गोदाम मोजायला घेतलं. सिमेंटच्या पोत्यांमागे, ताडपत्रीखाली, दहा मिलिमीटरच्या सळयांचा एक बंडल निघाला. चिठ्ठीवर लिहिलेलं: दुसरा मजला, खुर्च्या. तार तशीच बांधलेली, एकही सळई काढलेली नाही. स्लॅब ओतला म्हणजे हे वापरलं गेलं, असं अ‍ॅपनं धरलं होतं. मी सळया मोजल्या. पंचवीस. वजन केलं, एकशे पंच्याऐंशी किलो.

मी त्या पोत्यांवर बसून राहिलो. जे लोखंड सापडत नाही म्हणून चोरी ठरली होती, ते दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबमध्ये वरची जाळी उचलून उभं होतं. यंत्रानं मी जे सांगितलं तेच लिहिलं. त्याला काय दोष देणार?

त्या दिवशी मंदिरात गेलो, पण तोंडातून नाम निघेना. रमानं विचारलं, आज टाळी का वाजवत नाही? मी हात दुखतो म्हणालो. हेही खोटंच. आणखी पंधरा दिवस मी तसेच काढले. सगळ्यात जास्त लाज मला त्या पंधरा दिवसांची वाटते.

मग बाळापूरला गेलो. किल्ल्यामागे एका दुकानाचं काम चालू होतं, तिथे नत्थुजी कॉलम बांधत होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "नत्थुजी, ते लोखंड तुम्ही नेलं नव्हतं. चूक माझी होती."

त्यांनी हातातला पीळ पुरा केला. "हे मले काहून सांगून राहिले साहेब? मले त मालूमच होतं. ज्यायले मालूम नाही, त्यायले सांगा."

मी विचारलं, त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाही?

"तुमी का तमाशाले गेले होते? देवाच्या दारी गेलेल्या माणसाचं नाव सांगाले मले जमलं नाही." मग म्हणाले, "पण माह्या मोर्शीच्या जावयानं हे चोरीचं ऐकून दोन महिने झाले, माह्या घरचं पाणी नाही घेतलं."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी मागे सरकून सांगितलं, तिथे सळईची टोकं आहेत, डोळ्यात जाईल.

अकोल्याला गेलो. जुईलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं." अ‍ॅपमधली जुनी नोंद पुसता येत नाही, खाली दुरुस्ती जोडता येते. तिनं ती मला स्वतःच्या हातानं लिहायला लावली, माझ्या नावानं. साइटवर डबे उघडायच्या वेळी सगळ्या कामगारांना सांगितलं. मोर्शीला जाऊन नत्थुजींच्या जावयाच्या ओसरीवर बसून सांगितलं. त्यांनी चहा दिला. कंपनीनं नत्थुजींना परत बोलावलं. ते आले नाहीत. आता मी रोज सहापर्यंत थांबतो, तुकडा न् तुकडा मोजतो, आणि कीर्तन असलं की आख्यानाच्या मध्यावर पोचून मागे चपला-जोड्यांपाशी बसतो.

पण ज्यांना मालूम नाही ते संपत नाहीत. म्हणून तुम्हालाही जवळ बोलावलं.

वसतिगृह आता सुरू झालंय. दाराशी फलक आहे. त्यावर पाहुण्यांची नावं आहेत, कंपनीचं आहे, अगदी खाली बारीक अक्षरांत माझंही आहे. तुमची लेक, भाची कधी तिथे राहायला गेली आणि तुम्ही तिची पेटी घेऊन दुसरा मजला चढलात, तर वर पोचल्यावर क्षणभर थांबा आणि नत्थुजी गावंडे, बाळापूरचे, यांची आठवण काढा. तुम्ही उभे असाल, ती फरशी त्यांच्या तुकड्यांनी उचललेली आहे.