मागच्या चाकांचं प्रकरण

दाजींनी हात साबणाने धुतले, पुसले, उजेडात धरून पाहिले आणि मगच छपाईआधीच्या त्या कागदांना बोट लावलं. मागच्या चाकांचं प्रकरण सकाळी वाचून झालं होतं, तरी त्यांनी ते पुन्हा काढलं. ड्रम बसवा, मोठा नट घाला, लांब दांड्याच्या पान्याने पुरता आवळा, पीन घाला, पिनेची टोकं वाकवा. आणि पुढे? पुढे थेट ब्रेक.

"हातचं राखलंय," दाजी म्हणाले. "साफ राखलंय."

गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांची बायको चहा गाळत होती. पुस्तक लिहिणारा तिचा धाकटा भाऊ. जुन्या जर्मन गाड्यांच्या इतिहासावर त्याची दोन पुस्तकं आधीच निघालेली, हे तिसरं दुरुस्तीचं. गाड्या मात्र दोघांनी मिळून दुरुस्त केलेल्या, याच पत्र्याखाली, दोघांचे केस पिकेपर्यंत. तो यांना दाजी म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकंही दाजीच म्हणत.

"काय राखलंय?" तिने विचारलं.

"चाचणीची फेरी मारून गाडी परत आली, की पीन काढून मागचा नट पुन्हा आवळायचा. नव्याने आवळलेला नट पहिल्या फेरीत सैलावतो. ती पायरीच नाही यात."

"विसरला असेल."

"तो? कुठल्या साली कुठल्या गाडीच्या मागच्या काचेचा आकार बदलला, हे झोपेतून उठवून विचार त्याला. आणि नट विसरला म्हणे."

"मग त्यालाच विचारा ना. मला कशाला मध्ये घेता? संशयाला औषध नसतं."

औषध नसतं हे दाजींनाही कळत होतं, पण संशय उगाच कशाला येईल? त्यांचा वस्ताद असाच होता. सगळं शिकवायचा, जेवताना घास काढून द्यायचा, पण प्रत्येक चेल्यापासून एखादी पायरी लपवायचा. तेवढ्या पायरीची वेळ आली की पाठ फिरवून उभा राहायचा. धंद्याची रीतच ती. सगळं देऊन बसलं तर उद्या चेला समोरच दुकान थाटणार. मेहुणाही आता तेच करत असणार. लोक पुस्तक वाचून गाडी खोलतील, चाक डुगडुगायला लागेल, आणि मग धावत कोणाकडे येतील? ज्याचं नाव पुस्तकावर आहे त्याच्याकडे.

आणि पुस्तकावर नाव एकट्याचंच होतं.

एकदा पाणी मुरतंय म्हटलं, की भिंतीवर जिथे तिथे ओल दिसायला लागते. दाजी आत आले की मेहुणा फाइल मिटायचा. फोन आला की रस्त्यावर जाऊन बोलायचा. गेल्या आठवड्यात इस्त्रीच्या कपड्यांतला कोणी माणूस आला होता. मेहुण्याने त्याला पलीकडच्या गल्लीतली रिकामी शेड दाखवली आणि दोघे तिथे बराच वेळ उभे होते. दाजींनी हे सगळं पाहिलं आणि गिळलं. वर्षानुवर्षं ज्याच्या हाताला हात लावून इंजिनं उतरवली, तो म्हातारपणी वेगळी चूल मांडणार, या विचाराने त्यांना दोन रात्री झोप लागली नव्हती. बायकोला त्यांनी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं.

कागद आज संध्याकाळी छापखान्यात जायचे होते. मेहुणा ते न्यायला आला तो चष्मा कपाळावर आणि पेन कानावर ठेवूनच.

"काय दाजी, झालं वाचून?"

"झालं. पलीकडची शेड कधीपासून घेतोयस?"

"कुठली शेड? ती होय? तो फोटो काढणारा माणूस. त्याला उजेड हवा होता. आपल्याकडे कुठे उजेड येतो?"

"आणि मी आलो की फाइल मिटतोस ती?"

मेहुणा हसला. "तुमच्या हाताला ऑइल असतं म्हणून. पहिल्या पुस्तकाचे कागद आठवतात ना? छापखानेवाल्याला वाटलं नकाशाच काढलाय."

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. दाजी हसले नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी कागद पुढे सरकवला.

"मग हे सांग. शेवटची पायरी का गाळलीस?"

मेहुण्याने चष्मा खाली ओढला आणि ओळन् ओळ वाचली.

"कुठली पायरी?"

"बनवू नकोस मला. फेरी मारून आल्यावर पुन्हा आवळायचा तो नट."

"पुन्हा?" मेहुणा म्हणाला. "आपण कधी पुन्हा आवळलाय?"

दाजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. लबाडी करताना हा माणूस कान खाजवतो, हे त्याच्या बहिणीलाही माहीत होतं. त्याचे हात कागदावर स्थिर होते. तो खरंच विचारत होता. ही पायरी कोणालाही ठाऊक असणार, असं दाजींनी धरूनच ठेवलं होतं. चाक तोच आवळायचा, पीन तोच घालायचा, फेरीही तोच मारायचा. मग हात धुऊन घरी जायचा. तो कोपऱ्यावरून वळला की दाजी लांब दांड्याचा पाना बाहेर काढायचे.

"तू नाही," दाजी म्हणाले. "मी आवळायचो. तू गेल्यावर."

"प्रत्येक गाडीचा?"

"प्रत्येक."

"कधीपासून?"

"तू आलास तेव्हापासून."

मेहुण्याने कानावरचं पेन काढलं आणि नुसतंच हातात धरलं. बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिलाही हे नवीनच होतं.

"मला कधी बोलला नाहीत."

"तू पुस्तकं वाचून आलेला. पुस्तकी माणसाच्या हाताचा काय भरवसा, असं वाटायचं तेव्हा. त्यातून हिचा भाऊ. तोंडावर म्हणायचं तरी कसं? पुढे सवयच पडली."

"सवय," मेहुणा म्हणाला. मग त्याने विचारलं, "सैल निघायचे?"

हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पायरी पुस्तकात गेली असती आणि दाजींचं म्हणणंही राहिलं असतं. हो म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. पण पान्याला जोर लावल्यावर दांडा जसा हाताला लागायचा तसा त्यांना आठवला. इतक्या गाड्या गेल्या हाताखालून, एकदाही तो तसूभर सरकला नव्हता. रोज ओढून बघायचे, रोज नवी पीन घालायचे, आणि हे काही कधी त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

"एखादा तरी?"

"तू आवळलेला एकही नाही."

बायकोने भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि ती आत निघून गेली. दाजींना वाटलं, हा आता कागद उचलून चालता होईल. गेला असता तरी त्याला दोष देता आला नसता. मेहुण्याने खुर्ची ओढली, बसला आणि प्रकरणाच्या शेवटी मोकळ्या जागेत लिहायला लागला. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत होतं. लिहून झाल्यावर त्याने ते वाचून दाखवलं.

"'चाचणीची फेरी झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळून पाहावा. शक्यतो दुसऱ्या माणसाने.'" तो थांबला, आणखी दोन शब्द लिहिले आणि तेही वाचले. "'पहिल्याच्या देखत.'"

मग त्याने चष्म्यावरून वर पाहिलं.

"बरोबर आहे ना, दाजी?"

"बरोबर आहे," दाजी म्हणाले. त्याच्याकडे बघून मात्र त्यांना ते म्हणता आलं नाही.