खालून कापा

वर्तमानपत्राच्या ऑफिसात त्याला सगळे दवंडीकाका म्हणत. त्याला ते आवडायचं, वरवर चिडायचा एवढंच. बावीस वर्षं दर गुरुवारी पान सहावर त्याची यादी यायची: या आठवड्यात शहरात फुकट काय बघायला-ऐकायला मिळेल. दुर्बिणीतून शनी, मेंदूवर व्याख्यान, मातीच्या शिल्पांचं प्रदर्शन, जुन्या नकाशांची ओळख. एवढ्या अवाढव्य शहरात कुठल्या जिन्यावरच्या कुठल्या खोलीत कोण काय दाखवतंय, हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. ते त्याला कळायचं.

त्याचे नियम होते आणि नियमांचा त्याला माज होता. आयोजकाने स्वतः फोन करायचा, वशिला चालणार नाही. रद्द झालेले कार्यक्रम सगळ्यांत वर, चौकटीत, जाड अक्षरात, म्हणजे कुणाची खेप फुकट जायला नको. मग विज्ञान, मग कला. ज्याचं धड हेही नाही नि धड तेही नाही, ते तळाला, 'इतर'मध्ये. आणि ऐनवेळी जाहिरात आली तर यादी खालून कापायची. 'इतर'वाले बोंबलायचे. हा म्हणायचा, "नियम म्हणजे नियम. सख्ख्या बापालाही वर घेणार नाही." बापावर कधी वेळ आली नाही. आली ती बायकोवर.

बायको एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात चित्रं काढायची. एकतीस वर्षं एक डोळा सूक्ष्मदर्शकाला नि एक कागदाला. शेवाळाचं मोहरीएवढं पान तळहाताएवढं करून काढायचं, पेशीन् पेशी मोजून. एका चित्राला चार दिवस. पुस्तकं निघाली प्राध्यापकांच्या नावाने. हिचं नाव मागे आभारात, तेही आठवलं तर. निवृत्त झाल्यावर निसर्ग मंडळाच्या चिटणीसबाईंनी विचारलं, आमची खालची खोली तीन दुपारी रिकामी आहे, चित्रं लावता का? त्या दिवसापासून ही घरात गुणगुणायला लागली. बारा भिंगं आणली. लोकांनी आधी चित्र बघायचं, मग भिंगातून खरं शेवाळ, असा तिचा बेत होता. खाली तिचं स्वतःचं नाव, पहिल्यांदाच.

"मैत्रिणींना तरी कळव," तो म्हणाला.

"कशाला? तुमच्या यादीत आलं की सगळं शहर लोटतं, तुम्हीच सांगता ना."

सांगायचा खरा.

सोमवारी तिने नियमाप्रमाणे ऑफिसात फोन करून कार्यक्रम नोंदवला. त्याने लिहून घेतला आणि पेन थांबलं. विज्ञान म्हणावं तर चित्रं आहेत. कला म्हणावी तर शेवाळ आहे. खरं सांगायचं तर कुठेही चाललं असतं. पण त्याच्या डोक्यात आलं, वर घेतलं तर ऑफिसात म्हणतील, काकांनी घरचीच दवंडी पिटली. त्याने ते 'इतर'मध्ये घातलं, सगळ्यांत शेवटी. आणि घालताना गडी स्वतःवरच खूश झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

बुधवारी संध्याकाळी तो बूट चढवत असताना पान लावणाऱ्याचा फोन आला.

"काका, गाद्यांची जाहिरात आलीये. सहा ओळी जातायत. कुठून कापू?"

"हे अजून विचारावं लागतं? खालून," तो म्हणाला, आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधून घरी निघाला. त्या क्षणी त्याला बायको आठवली नाही. काही म्हणजे काही आठवलं नाही.

गुरुवारी पेपर आधी तिच्या हाती लागला. चष्मा लावून तिने यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर. मग पान उलटून सातवं पाहिलं.

"अहो, पुढे कुठे आहे का?"

त्याने पाहिलं. तिच्या ओळीच्या जागी गादीवर एक माणूस सुखाने झोपला होता. तेव्हाच खरं बोलला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"त्या पान लावणाऱ्या गाढवाने कापलं," तो म्हणाला. "मला विचारलंसुद्धा नाही."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "चुकतं माणूस."

शुक्रवारी खोलीत झाडूवाली आली, ती झाडून गेली. शनिवारी वरच्या मजल्यावर ताऱ्यांवर व्याख्यान होतं, यादीत दुसरं. जिन्यावर ही गर्दी, हातात पान सहाची कात्रणं. लोक दारात बसलेल्या त्याला विचारत होते, व्याख्यान कुठे? तो बोटाने वर दाखवत होता. आत ती बारा भिंगं पुन्हा पुन्हा सरळ रेषेत लावत होती. तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

रविवारी आवरायच्या वेळेला एक जण आला. पान लावणारा. त्याने एकेक चित्र बघितलं, एकेक भिंग उचललं, तासभर. मग तिच्यापाशी येऊन हात जोडले.

"काकू, माफ करा. काल कापलेल्या ओळी साफ करताना आडनाव दिसलं नि चरकलोच. आधी कळलं असतं तर तुमची ओळ कापली नसती. काकांना विचारलं होतं मी. ते म्हणाले, खालून काप."

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "बसा, पाणी देते."

परतताना बसमध्ये तिच्या मांडीवर भिंगांचा डबा होता. तो म्हणाला, "रागावलीस?"

"ओळ कापली, त्याचं काही नाही. नियम होता तुमचा. पण त्या मुलाला तुम्ही गाढव म्हणालात, आणि मी तुमचं खरं मानलं."

चिटणीसबाईंना वाईट वाटलं होतं. त्यांनी पुढच्या आठवड्याच्या तीन दुपारीही देऊ केल्या. तो हरखला. "या वेळी कलेत, अगदी पहिलं घेतो. खड्ड्यात गेला नियम."

"बघू," ती म्हणाली.

सोमवारी ऑफिसात जाऊन त्याने सगळ्यांत आधी तेच लिहिलं, कलेच्या मथळ्याखाली, पहिली ओळ. अकराला फोन वाजला.

"नमस्कार. एक कार्यक्रम रद्द झालाय, तो नोंदवायचा होता." बायको प्राध्यापकांशी बोलायची तो आवाज.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"आयोजकाने स्वतः फोन करायचा असतो ना? करतेय. शेवाळाची चित्रं, निसर्ग मंडळ, तिन्ही दुपारी रद्द. कारण द्यावं लागतं का?"

त्याने कलेखालची पहिली ओळ खोडली. मग म्हणाला, "नाही. कारण आपण छापत नाही."

"मग बरं आहे," म्हणत तिने फोन ठेवला.

बुधवारी एकही जाहिरात आली नाही, गुरुवारी यादी पुरी छापली गेली. सगळ्यांत वर, चौकटीत, जाड अक्षरात तिचं पूर्ण नाव होतं. लोक वरचं तेवढं वाचतात, तेही त्याचंच म्हणणं. दुपारपर्यंत नऊ फोन आले. हे शेवाळाचं काय होतं हो? पुन्हा कधी आहे? दवंडीकाका प्रत्येकाला सांगत होता, आयोजकांना विचारा, आणि घरचा नंबर देत होता. घरी तो कुणी उचलत नव्हतं.