वाढत्या मापाची रॅकेट

मी एक जुनी टेनिसची रॅकेट आहे. लाकडाची, अस्सल. सध्या मुक्काम शिंप्याच्या दुकानात, शिवणयंत्राच्या वरच्या खिळ्यावर. माझ्या गळ्यात त्याची मापाची टेप लोंबत असते. हसू नका, मित्रांनो. याच गळ्यात एके काळी पदकाची फीत होती.

लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर नरम केल्या, सरस लावून साच्याभोवती वळवल्या आणि सावलीत वाळू दिल्या, तेव्हा कुठे मी झाले. मग जाळीसाठी आतड्याची तात ओवली, मुठीला चामडं गुंडाळलं. हल्लीच्या रॅकेटी कशा होतात मला माहीत नाही, आणि मी विचारतही नाही.

शिंप्याची थोरली बहीण शाळेत होती तेव्हा मला घ्यायला आली. खेळाच्या दुकानातली एकेक रॅकेट हातात धरायची, फिरवायची, परत ठेवायची. दुकानदार वैतागला. म्हणाला, "काय गं, लग्न करायचंय का रॅकेटशी?"

"रोज हात धरायचाय. बघून घ्यायला नको?" ती म्हणाली. त्याच क्षणी मी ठरवलं, जाईन तर हिच्याच घरी.

लाल मातीवर आम्ही दोघींनी बरीच वर्षं गाजवली. मी काही लाड पुरवणारी नव्हते. माझं वजन भरपूर, डोकं लहान. चेंडू मधोमध घेतलास तर जाईल, नाहीतर भलतीकडे. पण लाकूड लवतं. चेंडूचा धक्का मी आपल्या पोटात घालायचे, तिच्या कोपरापर्यंत जाऊ द्यायचे नाही. खेळ झाला की ती मला लाकडी चौकटीत ठेवून चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळायची, लाकूड वाकू नये म्हणून.

पुढे तिचा गुडघा गेला, खेळ सुटला आणि मी धाकट्या भावाच्या दुकानात आले. या शहाण्याने काय करावं? माझी चौकट काढून घेतली आणि तिच्यात कापडं बेतायचे कागदी खाके दाबून ठेवले. खाके सपाट राहिले, मी वाकले. गिऱ्हाइकांना मात्र अभिमानाने दाखवायचा, "आमच्या अक्काची रॅकेट!" आणि माप घेऊन झालं की टेप पुन्हा माझ्याच गळ्यात.

त्याच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण पोर एका जागी ठरत नाही. तिला टेनिसचं वेड लागलं. बापाने हौसेने नवी रॅकेट आणली. काळी, चकचकीत, मोठे खेळाडू वापरतात तसली. नवी सून उंबऱ्यातून नाक वर करून यावी, तशी आली. बघू म्हटलं.

"वाढत्या मापाची घेतलीय," शिंपी म्हणाला. "दोन-तीन वर्षं बघायला नको."

हा माणूस लेकीचे फ्रॉक असेच बेततो. शिवणीत दोन बोटं माया सोडायची, पोर वाढली की उसवायचं. रॅकेटही त्याने तशीच घेतली. मूठ जाडी, वजन दणदणीत, सांगाडा कडक आणि तारा ताणून ताणून बसवलेल्या.

भिंगरी दुकानासमोरच्या भिंतीवर चेंडू मारायची, ते मला खिळ्यावरून दिसायचं. मूठ तिच्या हातात मावेना, म्हणून ती करकचून धरायची. वजनाने टोक खाली जायचं, म्हणून मनगट मोडून मारायची. आणि ती कडक रॅकेट प्रत्येक धक्का सरळ पोरीच्या कोपरात पोचवायची. काही दिवसांनी भिंगरी कोपराला ओलं फडकं बांधून कोपऱ्यात बसली.

"बाबा, मला नाही जमत. शाळेच्या निवडीला मी जाणार नाही. टेनिसच नको."

"एवढी भारी रॅकेट दिली तुला! मन लावत नाहीस, दुसरं काय." मशीन पुन्हा खडखडायला लागलं.

पोरीने तोंड फिरवलं. खेळ सुटल्यावर माणूस कसं तोंड फिरवतं, ते मी एकदा पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी थोरली आली, कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला. आल्या आल्या तिने पोरीचं फडकं पाहिलं, मग नवी रॅकेट उचलली, मूठ चाचपली आणि ठेवून दिली.

"अक्का, हात सरळ सोड. हलू नकोस," शिंपी टाचण्या तोंडात धरून म्हणाला.

"बाही बोटांवर आली तर कोट नेईन का रे मी?"

"नेशील कसली! माझ्या तोंडावर फेकशील."

"मग पोरीच्या हातात ही मुसळासारखी मूठ का कोंबलीस?"

"वाढत्या मापाची आहे, अक्का."

"फ्रॉक मोठा झाला तर दुमडून शिवशील. कोपर कुठे दुमडून शिवणार आहेस?"

शिंप्याने टाचण्या काढल्या. माझ्या गळ्यातली टेप ओढली आणि लेकीचा हात मांडीवर घेतला. थोरलीने दाखवलं तसं तळव्याच्या मधल्या रेघेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत मोजलं. चार इंच. मुठीचा घेरही एवढाच हवा. मग नव्या रॅकेटच्या मुठीभोवती टेप फिरवली. साडेचार.

"आख्ख्या गावाची मापं घेतो मी," तो हळूच म्हणाला. "आणि घरातलंच राहिलं."

थोरलीने मला खाली काढलं, पदराने नव्हे, चांगल्या कोऱ्या कापडाने पुसलं आणि भिंगरीच्या हातात दिलं. तिची बोटं मुठीवर मिटली. बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावेल एवढीच फट राहिली. बरोब्बर माप! मी मनातून फुगले. म्हटलं, आता पुन्हा आपलं राज्य.

भिंगरीने भिंतीवर चार चेंडू मारले. "आत्या, मूठ छान आहे गं. पण ही म्हातारी फार जड आहे."

म्हातारी! आणि जड! पण खरं ते खरं. ते नाकारायला मी काही नवी सून नाही.

मग आम्ही सगळे खेळाच्या दुकानात गेलो. शिंप्याकडे मापाला जुना कपडा आणतात, तशी मी मापाला गेले. मूठ माझ्याएवढी घेतली. हात ताणून धरल्यावर टोक लोंबणार नाही, इतकं हलकं वजन. डोकं माझ्याहून मोठं, म्हणजे चेंडू जरा बाजूला लागला तरी चालावं. सांगाडा थोडा लवणारा, तारा थोड्या सैल. रंग सगळ्यात शेवटी पाहिला. तो शेवाळी निघाला आणि भिंगरीने नाक मुरडलं. रंगाने चेंडू जाळीपलीकडे जात नाही, एवढंच मी म्हणेन.

जाड मुठीची ती काळी आता शिंप्याकडे आहे. तिची मूठ त्याच्या हातात बसते, बाकी आनंद आहे. सकाळी लेकीबरोबर खेळतो आणि निम्मे चेंडू जाळीत घालतो.

निवडीच्या दिवशी भिंगरी मातीने माखून दुकानात शिरली. थोरली कोट घालून पाहत होती. जिंकलीस का, हे तिने विचारलंच नाही.

"कोपर?"

"कुठलं कोपर?" भिंगरी म्हणाली आणि पाणी प्यायला पळाली. राखीव खेळाडूंत नाव लागल्याचं तिने घोट घेता घेता सांगितलं.

मित्रांनो, रॅकेट घ्यायला जाल तेव्हा कोण मोठा खेळाडू काय वापरतो ते विचारू नका. आधी आपला हात पुढे करा, मग वजन पेलून बघा, बाकीचं त्यामागून. आणि घरात एखादी जुनी लाकडी बाई टांगलेली असेल, तर तिची चौकट तिला परत द्या. मला मिळाली आहे. बाक काही गेला नाही, या वयात जाणारही नाही. पण टेप आता माझ्या गळ्यात नसते. शिंपी ती स्वतःच्या गळ्यात घालतो.